कॅम्पवरची कॉफी: आदल्या रात्रीपासून चोथ्यापर्यंत

कॅम्पिंगच्या सामानाच्या याद्यांमध्ये तंबू, स्लीपिंग बॅग आणि बूट यांवर पानंच्या पानं खर्ची पडतात आणि कॉफी शेवटी एका शब्दात उरकलेली असते. मग पहिल्याच सकाळी निम्मी मंडळी हात चोळत उभी राहतात. लायटर कुणाच्या बॅगेत आहे ते कुणालाच आठवत नाही, गाळणी घरीच राहिलेली असते, आणि पाऊण तासाने मगात पडतं ते कोमट, कडूजहर आणि दाताखाली कचकचणारं काहीतरी.

ती सकाळ टळावी म्हणून हा लेख. माझं मत आधीच सांगून टाकतो: कॅम्पवर कॉफी करणं हा सगळ्यात सोपा भाग आहे. खरं काम तिच्या आधी आणि नंतर असतं. आदल्या रात्री दहा मिनिटं आणि पिऊन झाल्यावर दहा मिनिटं दिलीत, तर मधली कॉफी साध्या टोपातही झकास होते. ही वीस मिनिटं चुकवलीत, तर महागडं यंत्रही काही कामाचं नाही.

१. निघण्याआधी विचारा: कोण, किती, कशी

गटात कॉफी पिणारे किती, दूध-साखर कुणाला लागते, कोरी कोण पितं, मुळीच न पिणारे कोण, हे निघायच्या दोन दिवस आधी विचारून घ्या. कॅम्पवर पोचल्यावर विचारून उपयोग नसतो, कारण तिथे दूध पावडर आकाशातून पडत नाही.

हिशेब सोपा आहे. २५० मिलिलिटरच्या एका मगाला १५ ग्रॅम पूड, म्हणजे लिटरला ६० ग्रॅम. चार माणसं, दोन सकाळी, प्रत्येकी दोन मग धरले तर १६ मग होतात आणि २४० ग्रॅम पूड लागते. वर थोडी जास्तच घ्या. घरी ‘मला नको’ म्हणणारे थंडीत सगळ्यात आधी मग पुढे करतात. वजनकाटा न्यायची गरज नाही. १५ ग्रॅम म्हणजे साधारण तीन सपाट मोठे चमचे. घरी एकदा मोजून बघा आणि तोच चमचा सोबत घ्या.

एक गोष्ट बरेच जण हसण्यावारी नेतात. रोज कॉफी पिणाऱ्याची कॉफी अचानक बंद झाली, की साधारण १२ ते २४ तासांत डोकं दुखायला लागू शकतं. सपाटीवर ही नुसती कटकट असते. उंच डोंगरावर मात्र हीच डोकेदुखी उंचीच्या त्रासासारखी वाटते आणि गटाचा गोंधळ उडतो. त्यामुळे ‘दोन दिवस नाही प्यायलो तर काय होतं’ हा प्रयोग घरी करा, तिथे नको.

२. एकच पद्धत निवडा

पहिल्यांदा जाणारे इथेच अडकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इन्स्टंट. गरम पाण्यात ढवळली की झाली. चोथा नाही, गाळणी नाही, इंधन कमी. पाठीवर सगळं सामान घेऊन लांब चालायचं असेल तर हिला तोड नाही, आणि कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या. कोणतीही पद्धत निवडलीत तरी चार पुड्या आणीबाणीसाठी बॅगेच्या तळाशी असू द्या.

टोपातली कॉफी. पूड थेट पाण्यात टाकायची, निवळू द्यायची आणि ओतायची. हिलाच काउबॉय कॉफी म्हणतात. अमेरिकेच्या पश्चिम भागात गुरांचे कळप हाकणाऱ्यांची ही रोजची कॉफी. तिथे १९व्या शतकात आर्बकल कंपनीच्या भाजलेल्या बियांच्या पाकिटात पेपरमिंटची एक कांडी यायची, आणि ती मिळावी म्हणून बिया दळायला माणसं आपणहून पुढे यायची असं सांगतात. चार-सहा जणांसाठी एकदम करायची असेल तर माझी पसंती हिलाच. कृती पुढे दिली आहे.

कागदी फिल्टरची ड्रिप. कॉफी स्वच्छ, गाळ शून्य. ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ यांनी १९०८ मध्ये मुलाच्या वहीतला टिपकागद वापरून हा फिल्टर बनवला. आता घडी घालता येणारे सिलिकॉनचे शंकू मिळतात, त्यांना वजन असं काही नसतंच. मात्र वाऱ्यात बारीक धार धरून तीन-चार मिनिटं उभं राहावं लागतं, आणि एका वेळी एकदोन मगच होतात. चौथ्या माणसाचा मग भरेपर्यंत पहिला दुसऱ्या मगासाठी हजर होतो.

एरोप्रेस. ॲलन ॲडलर यांनी २००५ मध्ये बाजारात आणलेली ही दट्ट्याने कॉफी दाबून काढायची प्लास्टिकची नळी कॅम्पवाल्यांची लाडकी आहे. याच गृहस्थांनी लांबच लांब उडणारी एरोबी नावाची फेकायची कडीसुद्धा बनवली होती. एरोप्रेस फुटत नाही, दोन मिनिटांत कप देते आणि चोथ्याची घट्ट वडी करून बाहेर टाकते. एकट्यादुकट्यासाठी उत्तम. फक्त दाबताना मग सपाट दगडावर ठेवा. मऊ जमिनीवर मग कलंडतो आणि हातावर उकळतं पाणी सांडतं.

फ्रेंच प्रेस. जाळीचा दट्ट्या दाबून चोथा तळाशी बसवायची किटली. काचेची असेल तर घरीच ठेवा. स्टीलची चालते, पण जड असते आणि धुवायला पाणी खाते. गाडी तंबूच्या शेजारी उभी राहणार असेल तरच.

मोका पॉट. अल्फोन्सो बियालेट्टी यांच्या कारखान्यात १९३३ मध्ये जन्मलेलं हे अष्टकोनी भांडं खालचं पाणी वाफेच्या दाबाने पुडीतून वर चढवतं आणि कडक कॉफी देतं. इथे दोन सापळे आहेत. छोट्या गॅस स्टोव्हच्या पायांमधली फट मोकाच्या बुडापेक्षा मोठी असू शकते. घरीच ठेवून बघा. दुसरं म्हणजे मोकाची मूठ बहुधा प्लास्टिकची असते आणि शेकोटीवर ती वितळते. पाणी आतल्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या खालीच भरायचं, हे वेगळं सांगायला नको.

कोल्ड ब्रू. पहाटे आवाज नको असेल किंवा आग पेटवायला बंदी असेल, तर ही पद्धत. रात्री ६०० मिलिलिटर पिण्याच्या पाण्यात ७५ ग्रॅम जाडसर पूड कापडी पिशवीत बांधून सोडा. १२ ते १६ तासांनी पिशवी काढा आणि तेवढंच पाणी घालून प्या. सोपी आहे, पण गार असते. कुडकुडत उठलेल्या माणसाला ही देऊ नये.

३. सामान

- पूड, एका टोपाला एक अशा हवाबंद पुड्यांमध्ये
- झाकण असलेला टोप, शक्यतो ओतायला चोच असलेला, आणि तो धरायला सांडशी किंवा घडीची मूठ
- स्टोव्ह आणि गॅसचं कॅनिस्टर, म्हणजे स्टोव्हला जोडायचा गॅसचा छोटा डबा
- दोन लायटर, दोन वेगळ्या माणसांच्या बॅगेत, आणि कोरड्या डबीत काडेपेटी
- लांब दांड्याचा चमचा
- बारीक जाळीची गाळणी किंवा स्वच्छ सुती फडकं
- प्रत्येकाचा स्वतःचा मग
- दूध पावडर, साखर, आणि त्यासाठी वेगळा कोरडा चमचा
- चोथ्यासाठी घट्ट बंद होणारी पिशवी, एकात एक घातलेल्या दोन

मगाबद्दल एक इशारा. दुहेरी भिंतीचा मग कॉफी गरम ठेवतो, पण तो कधीही आगीवर ठेवू नका. आत कोंडलेली हवा तापून फुगते आणि मग फुटू शकतो. एकेरी भिंतीचा मग आगीवर चालतो, पण त्याची कड ओठ पोळते. पहिला घोट नेहमी सावकाश.

विमानाने जाणार असाल तर गॅसचं कॅनिस्टर नेता येत नाही, हातातल्या सामानातही नाही आणि आत देण्याच्या बॅगेतही नाही. ते उतरल्यावर विकत घ्यावं लागतं. तुमच्या स्टोव्हला तिथलं कॅनिस्टर बसतं का, याची चौकशी निघण्याआधी करा. स्क्रूचे आणि दाबून बसणारे असे वेगवेगळे प्रकार असतात आणि एकाचं दुसऱ्याला लागत नाही.

बाकी कागदपत्रं असतील तर दोनच: कॅम्पसाइटचं आरक्षण आणि लागत असेल तिथे आग पेटवायची परवानगी. उन्हाळ्यात बऱ्याच जंगलांत उघड्या आगीवर बंदी असते, काही ठिकाणी स्टोव्हवरसुद्धा. निघण्याच्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा तपासा, कारण हे नियम हवेप्रमाणे बदलतात.

४. पूड घरूनच दळून न्या

दळलेल्या कॉफीचा वास भराभर उडतो हे खरं. म्हणून निघायच्या आदल्या संध्याकाळी दळा, टोपागणिक पुड्या बांधा, हवा दाबून काढा आणि बंद करा. दोन-तीन दिवसांच्या मुक्कामात फरक जाणवतो तो फारच थोडा. हाताचं ग्राइंडर न्यायची हौस असेल तर न्या, पण ते दळायची वेळ कोणती, याबद्दल पुढे बोलायचं आहे.

दळण पद्धतीप्रमाणे हवं. टोपासाठी आणि फ्रेंच प्रेससाठी जाडसर, जाड रव्याएवढं. ड्रिपसाठी मध्यम, एरोप्रेससाठी त्याहून जरा बारीक, मोकासाठी बारीक. टोपातल्या कॉफीत बारीक पूड गेली की ती खाली बसायचं नाव घेत नाही. ती कचकच म्हणतात ती हीच.

५. आदल्या रात्री

हे दहा मिनिटांचं काम अंधार पडायच्या आत करा.

टोपात सकाळचं पाणी भरून झाकण लावून ठेवा. कडाक्याची थंडी असेल तर हे आणखी महत्त्वाचं. बाटलीतलं पाणी गोठलं तर ते बाहेर काढणं मुश्कील. टोपातलं गोठलं तरी टोप थेट स्टोव्हवर चढतो. बाटल्या ठेवायच्याच असतील तर उलट्या ठेवा. बर्फ वरून धरायला लागतो, त्यामुळे सकाळी झाकणाकडचं पाणी पातळ मिळतं.

स्टोव्ह सपाट जागी लावून बघा, हलतो का ते पाहा. चमचा, गाळणी आणि सकाळची पुडी एका पिशवीत ठेवा. ही पिशवी तंबूत घेऊन झोपू नका. कॉफी, साखर, दूध पावडर यांचा वास प्राण्यांना ओढून आणतो. ती पिशवी बाकीच्या खाण्याबरोबरच बंद डब्यात, गाडीत किंवा तिथल्या नियमाप्रमाणे ठेवा. लायटर मात्र स्वतःजवळ असू द्या, आणि थंडी असेल तर कॅनिस्टरही.

कॅनिस्टर जवळ का? आतला गॅस द्रवरूपात असतो आणि तो उकळून वाफ झाली तरच स्टोव्ह पेटतो. ब्यूटेन उणे ०.५ अंशाला उकळतं, आयसोब्यूटेन उणे १२ च्या आसपास आणि प्रोपेन उणे ४२ ला. म्हणजे नुसत्या ब्यूटेनचं कॅनिस्टर गोठणबिंदूच्या खाली जवळपास निकामी. थंडीसाठी आयसोब्यूटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण घ्या, आणि तेही रात्री स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी ठेवा. सकाळी ज्योत मंद वाटली तर कॅनिस्टर कोमट पाण्याच्या थाळीत उभं करा. ते आगीजवळ नेऊन तापवायचं नाही, कितीही घाई असली तरी.

६. पाणी

ओढ्याचं, तळ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या. २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. कॉफीसाठी पाणी तापतंच, मग वेगळं कशाला, असं म्हणून लोक बुडबुडे दिसताच पूड टाकतात. तसं करू नका.

क्लोरीनच्या गोळ्या टाकलेल्या पाण्याची कॉफी औषधासारखी लागते. गोळ्यांखेरीज इलाज नसेल, तर पाकिटावर लिहिलेला वेळ पूर्ण झाल्यावर चिमूटभर ‘क’ जीवनसत्त्वाची पूड टाका, वास बराच कमी होतो. वेळ पूर्ण व्हायच्या आधी टाकलीत तर गोळीचं कामच थांबतं.

७. पहाटे स्टोव्ह पेटवताना

तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही. पाऊस असो, वारा असो, पोर्चची चेन उघडी असो, नाही म्हणजे नाही. कापड पेट घेतं ते एक, आणि कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. झोपेतला माणूस उठतच नाही. या एका बाबतीत कुणाचा अनुभव, कुणाचा युक्तिवाद ऐकू नका.

वाऱ्याकडे पाठ करून, दगडाच्या किंवा बॅगेच्या आडोशाला स्टोव्ह मांडा. बॅग हातभर लांब. पत्र्याचा आडोसा वापरत असाल तर तो कॅनिस्टरभोवती पूर्ण गुंडाळू नका, उष्णता कोंडून कॅनिस्टर तापतं. टोपावर झाकण ठेवा. झाकण आणि आडोसा एवढ्यानेच गॅस किती वाचतो ते दुसऱ्या सकाळी कळतं.

शेकोटीवर करणार असाल तर ज्वाळेवर नाही, निखाऱ्यांवर. टोपाच्या बाहेरून आधी साबणाचा पातळ हात फिरवून ठेवा, म्हणजे काजळी पुसताना हात दुखणार नाहीत.

८. टोपातली कॉफी, पायरीपायरीने

चार मगांसाठी एक लिटर पाणी आणि ६० ग्रॅम जाडसर पूड.

पाण्याला आधण येऊ द्या, ठरल्याप्रमाणे उकळू द्या आणि टोप खाली उतरवा. आता अर्धा मिनिट काही करू नका. कॉफीला ९० ते ९६ अंशांचं पाणी मानवतं. उकळत्या पाण्यात पूड टाकून वर ती उकळत ठेवली, की कडवटपणा उतरायला लागतो. कॅम्पवरची कॉफी बिघडते ती नव्वद टक्के वेळा इथेच, पूड उकळल्यामुळे.

पूड टाका, चमच्याने सगळी भिजवा. वर तपकिरी फेसाचा जाड थर येतो, त्यात बारीक बुडबुडे फुटत राहतात आणि वास एकदम सुटतो. टोपावर वाकून हा वास घ्या. तंबूच्या आतून ‘झाली का?’ असा पहिला आवाज साधारण याच वेळी येतो. झाकण ठेवा. दोन मिनिटांनी पुन्हा एकदा ढवळा, थर मोडतो आणि पूड खाली जायला लागते. आणखी दोन मिनिटं थांबा. मग गार पाण्याचा एक शिपका वरून गोल फिरवून मारा. पृष्ठभागावर रेंगाळलेला साका हळूहळू तळाशी जातो.

ओतताना टोप हिसकायचा नाही. एका हाताने सांडशी, दुसऱ्याने झाकण किंचित तिरकं, आणि धार बारीक. प्रत्येक मग एकदम काठोकाठ भरू नका. आधी सगळ्यांचे अर्धे भरा, मग उलट क्रमाने पूर्ण करा. वरची कॉफी फिकी आणि खालची दाट असते, असं केल्याने सगळ्यांना सारखी मिळते. तळातला शेवटचा बोटभर भाग टोपातच राहू द्या. तो कुणालाच वाढायचा नाही, सगळ्यात जवळच्या मित्रालाही नाही.

उंचीवर गणित बदलतं. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने खाली येतो, म्हणजे ३००० मीटरवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे उतरवल्यावर थांबू नका, लगेच पूड टाका, आणि मुरायला एक-दोन मिनिटं जास्त द्या. गडद भाजलेली पूड अशा वेळी सोयीची पडते, कमी तापमानातही तिचा अर्क सहज उतरतो. नाहीतर हातात येते ती पाणचट, आंबूस कॉफी, आणि दोष बिचाऱ्या पुडीला.

९. रीतभात

लेखी नियम इथे कुठेच नाहीत, पण ते मोडले की सगळ्यांना कळतं.

जो आधी उठतो तो पाणी ठेवतो. याचा अर्थ त्याने सगळ्यांना उठवायचं असा नाही. बऱ्याच कॅम्पसाइटवर रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ असते. त्या वेळेत ग्राइंडर फिरवणं, टोपावर चमचा आपटणं, हेडटॉर्च लोकांच्या तंबूवर मारणं टाळा. हेडटॉर्चला लाल दिवा असेल तर तो लावा. आणि फोनवर गाणी नकोत. हे पुन्हा सांगायची वेळ येते, म्हणून लिहिलं.

जो करतो तो धूत नाही. ही एक वाटणी पाळली तर गटात भांडणं होत नाहीत. रोज एकच माणूस करतो आहे असं दिसलं तर दुसऱ्या दिवशी तुम्ही आधी उठा. ‘तुझ्या हातची छान होते’ हे वाक्य कौतुकाचं असलं तरी कामचुकारपणाचंही असतं.

टोपात शेवटचा मग उरला असेल तर एकदा मोठ्याने विचारा, मगच ओतून घ्या. तंबूत अजून कुणी झोपलं असेल तर त्याचा वाटा थर्मासमध्ये काढून ठेवा. थर्मास आधी गरम पाण्याने विसळून घेतला तर कॉफी बराच वेळ तग धरते.

साखरेच्या डबीत ओला चमचा घालू नका. पेटलेल्या स्टोव्हवरून ओलांडून जाऊ नका, वळसा घाला. मगांची अदलाबदल टाळा. चार दिवसांच्या मुक्कामात एकाची सर्दी सगळ्यांना होते ती अशीच.

कॉफीतले जाणकार बरोबर असतील तर त्यांच्यासाठी वेगळी विनंती: भाजणी, दळण, प्रदेश यांवरचं व्याख्यान पहिल्या मगानंतर. कुणी तीन चमचे साखर घातली तर घालू द्या. कुणी इन्स्टंट काढली तर पाणी द्या. आणि न पिणाऱ्याला ‘एक घोट तरी’ असा आग्रह नको, त्याच्यासाठी मगभर नुसतं गरम पाणी बाजूला काढून ठेवलंत तर तो तुमचं नाव काढेल.

शेजारच्या तंबूतला माणूस तुमच्या स्टोव्हकडे बघत उभा असेल तर विचारा. टोपात उरलेली असेल तेव्हाच विचारा, आणि त्याचा मग त्यालाच आणायला सांगा. उलट बाजूने, कुणी तुम्हाला विचारलं तर एक मग घ्या आणि बसा. तिसरा मग मागायचा नसतो.

पिताना घाई करू नका, एवढं खरं तर सांगावं लागू नये. थंड हवेत दोन्ही हात मगाभोवती धरून बसलं, की वाफ नाकावर येते आणि बोटं हळूहळू सुटी होतात. पहिल्या अर्ध्या मगात कुणी फारसं बोलत नाही. आजच्या चालीचा नकाशा, उशीर होतोय की काय, कुणाचा बूट ओला आहे, हे सगळं दुसऱ्या मगाला काढा.

१०. संध्याकाळचा मग

शेकोटीभोवती कॉफीची तलफ येतेच. कॅफिनचं शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. रात्री आठला प्यायलात तर मध्यरात्रीनंतरही निम्मं बाकी असतं. त्यात स्लीपिंग बॅगमधून बाहेर पडून, बूट घालून, अंधारात लघवीला जायचं म्हणजे शिक्षाच. संध्याकाळसाठी कॅफिन काढलेली पूड वेगळी खूण करून न्या. दिवसभराचा हिशेबही डोक्यात असू द्या: निरोगी प्रौढ माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन साधारणपणे चालतं, म्हणजे चारेक कप. आणि कॉफी प्यायली म्हणून चालतानाचं पाणी कमी करायचं नाही.

११. चोथा आणि धुणं

चोथा मातीत मिसळतो, मग झाडाखाली टाकला तर काय बिघडलं? बिघडतं. तो कुजायला वेळ लागतो, वासाने प्राणी येतात, पुरलेला उकरून काढतात, आणि रोज वीस तंबू लागणाऱ्या जागेत वीस टोपांचा चोथा साठतो. तो परत न्यायचा. आधी गाळणीत दाबून, जमलं तर फडक्यात पिळून पाणी काढा, म्हणजे वजन कमी होतं. मग दुहेरी पिशवीत. कागदी फिल्टर आणि इन्स्टंटच्या पुड्यांची रिकामी पाकिटंही त्यातच. शेकोटीत टाकू नका; त्या पाकिटांना आतून प्लास्टिक आणि धातूचा पातळ थर असतो, तो जळत नाही, राखेत चमकत राहतो.

टोप ओढ्यात बुडवून धुवायचा नाही. ‘निसर्गस्नेही’ असं लिहिलेला साबणही पाण्यात सोडायचा नसतो. पाणी भांड्यात घेऊन ओढ्यापासून किमान ६० मीटर, म्हणजे मोठ्या माणसाची सत्तरएक पावलं लांब जा. चोथा आधी निघालेला असेल तर नुसत्या गरम पाण्याने टोप निघतो. धुतलेलं पाणी गाळून घ्या, गाळ पिशवीत टाका आणि पाणी मोठ्या जागेत शिंपडून द्या, एका ठिकाणी ओतू नका. कॅम्पसाइटवर भांडी धुवायची मोरी असेल तर तीच वापरा, पण तिच्यातही चोथा सोडू नका.

शेकोटी केली असेल तर तिच्यावर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. राखेजवळ हाताची पाठ नेली की गरम लागता कामा नये.

राहिलं कॅनिस्टर. अर्धवट वापरलेल्यात किती गॅस उरला ते पाण्यात तरंगवून कळतं: जितकं वर तरंगेल तितकं रिकामं, आणि काही कॅनिस्टरवर त्यासाठी रेघाही छापलेल्या असतात. घरी असाल तर वजन करा आणि रिकाम्या डब्याचं वजन वजा करा. उरलेल्या गॅसचा अंदाज मार्करने कॅनिस्टरवरच लिहून ठेवा. पूर्ण रिकामं झालेलं कॅनिस्टर नेहमीच्या कचऱ्यात टाकू नका. तुमच्याकडे धातूच्या कचऱ्याचा जो नियम असेल त्याप्रमाणे द्या.